पाणी उतरायचे दिवस

आधी मी खुर्ची ओढून त्यांच्या बाजूला घेते.
टेबल मध्ये असलं की आकडा मोठा वाटतो.

हर्षदा बोरस्ते, विसावा आठवडा.
डाव्या किडनीच्या ओंजळीत साडेपाच मिलिमीटर पाणी.
खाली कॅनडा कॉर्नरला रिक्षावाल्यांची हुज्जत,
वर मी शब्द निवडतेय.
‘सूज’ म्हणायचं नाही. सूज म्हटलं की आई लगेच
आपण काय काय खाल्लं ते आठवू लागते.
‘दोष’ तर नाहीच.
तो मी एकदा वापरलाय, नोकरीच्या पहिल्या वर्षी,
जिन्यात, घाईत, सिन्नरच्या एका बाईशी.
तिचं पोर आता शाळेत जातं, ठणठणीत.
बाई मात्र मला रस्त्यात ओळख देत नाही.

म्हणून म्हणते, जरा जास्त पाणी थांबलंय.
बाळ आत्तापासूनच लघवी करतं, ठाऊक होतं तुम्हाला?
हर्षदा पहिल्यांदा हसते.
नवनाथ हसत नाही.

रिपोर्टच्या पाठीवर मी चित्र काढते:
घेवड्याचे दोन दाणे, दोन नळ्या, एक पिशवी.
तो कागद आपल्याकडे फिरवून घेतो.
जानोरीत ठिबकची कामं करतो तो,
नखांत पीव्हीसीचं सोल्युशन वाळलेलं.
“चोकअप आहे, की खालचं पाणी उलटं चढतंय?”
दहा वर्षं मी हे समजावतेय,
इतकं नेमकं कुणी विचारलं नव्हतं.
“आज नाही सांगता येणार. बहुतेकदा दोन्ही नसतं.
नळी कोवळी असते, सरळ व्हायला वेळ घेते.”
“आणि नाही झाली तर?”
तर बघत राहू. क्वचित औषध,
त्याहून क्वचित ऑपरेशन, तेही जन्मानंतर.
‘क्वचित’ मी दोन्ही वेळा
अगदी हळू खाली ठेवते.

सासूबाई कोपऱ्यातून म्हणतात,
“हे मुलांनाच जास्त होतं म्हणे. मग मुलगाच का?”
भिंतीवरच्या पाटीकडे मी बोट करते.
त्या एका प्रश्नाला पाटी आहे. बाकीच्यांना मी.

हर्षदा इतका वेळ गप्प. आता विचारते,
“त्याला दुखतंय का?”
नाही.
एवढ्या एका उत्तरापुढे मला ‘बहुतेक’ लावावं लागत नाही.

पुन्हा कधी? बत्तिसाव्या आठवड्यात.
नवनाथ बोटांवर मोजतो. चौऱ्याऐंशी दिवस.
कालच त्यांच्या बागेची छाटणी झालीय.
“म्हणजे मण्यांत पाणी उतरायच्या वेळी,” तो बायकोला सांगतो,
आणि मला, जरा उशिरा, कळतं
की या घरात ते वाईट वाक्य नाही.

डिसेंबर सरता सरता आले, कानटोप्या घालून.
उजवी ठीक. डावी आठ.
आठ म्हणजे वाढलं?
बाळही वाढलं, मी म्हणते, आणि मोजपट्टीही बदलली.
हे खरं आहे. तरी सांगताना घसा सुकतो,
कारण ते खरं आहे आणि पुरेसं नाही.
जन्मल्या दिवशी सोनोग्राफी नको, मी लिहून देते,
पहिले दोन दिवस बाळ कोरडं असतं, पाणी दडून बसतं.
सातव्या दिवशी आणा.
“लाइन चालू केल्या केल्या प्रेशर बघायचं नसतं,”
नवनाथ कागदाची घडी खिशात घालतो.

फेब्रुवारी. रात्रीचे दोन वाजून दहा.
मोबाइलवर एक फोटो: पिवळ्या फुलांचं दुपटं,
मधोमध गडद, वेडावाकडा डाग.
खाली दोनच शब्द. डॉक्टर, ओलं.

सातवा दिवस अजून यायचाय.
मी दिवा लावत नाही.
बोटांनी ताणून फोटो मोठा करते,
डागाच्या कडेला कुठे
मोजमाप लिहिलेलं असल्यासारखी.